अडतिसावी चाल

बुद्धिबळाच्या स्पर्धेत पंच म्हणून उभी राहिले की मी सगळ्यात आधी घोडे बघते. खेळाडूंचे चेहरे नाही, घड्याळं नाही, घोडे. बहुतेकांचे घोडे समोरच्याकडे तोंड करून असतात, काहींचे डावीकडे. घोड्यांची तोंडं स्वतःकडे वळवून ठेवणारी मला आयुष्यात एकच भेटली, आणि ती जाऊन आता तीन वर्षं झाली. तरी मी बघतेच. मुलांच्या आया मला खडूस म्हणतात हे माझ्या कानावर आहे. ही बाई सारखी टेबलांवर वाकून काय हुडकते, असंही म्हणत असतील. म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात महिलांची मोठी स्पर्धा झाली. मोठी म्हणजे खरोखरच मोठी, देशातल्या पहिल्या फळीतल्या खेळाडू आलेल्या. शेवटच्या फेरीत पहिल्या टेबलावर ज्या दोघी येणार होत्या त्यांचे डाव मी घरी पटावर मांडून बघत असे. एक तिशीतली, शांत, पेपरात फोटो येणारी. दुसरी बावीस-तेवीसची, नखं कुरतडणारी. दोघींचे गुण सारखे होते. बरोबरी झाली तर पहिलं बक्षीस दोघींत, म्हणजे भांडायचं काही कारणच नाही.

मोठी पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणार होती. धाकटी आली, खुर्ची पुढं ओढली, आणि बसल्या बसल्या दोन्ही काळे घोडे उचलून त्यांची तोंडं स्वतःकडे वळवली.

माझ्या हातातले कागद खाली पडले. कार्यालयातल्या एका बाईनं ते गोळा करून दिले आणि विचारलं, "मॅडम, बीपीची गोळी घेतली का?" मी हो म्हटलं. मी भुताखेतांना मानणारी नाही. सरकारी कचेरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला भुतांचं काय कौतुक असणार? पण त्या खुर्चीवर क्षणभर दुसरीच कुणी बसली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

घोडे स्वतःकडे वळवणारी ती माझी मैत्रीण करमाडची होती. आता शहरापासून करमाडपर्यंत कारखाने आले, तेव्हा मधे नुसती शेतं होती. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर माडीवर आमचा क्लब भरायचा. एक खोली, सहा पट, आणि खालून वर येणारा नव्या कापडाचा वास. माझे वडील त्याच बाजारात मापं काढायला होते, म्हणून मी तिथं शिरले. ती दर रविवारी एसटीनं यायची, पिशवीत भाकरी बांधून. आम्हाला कुणी नावानं हाक मारत नसे. ती करमाडवाली आणि मी गुलमंडीवाली. पुढं आम्ही एकमेकींनाही तसंच म्हणायला लागलो. तेव्हाच्या औरंगाबादेत मुलींमध्ये आमच्या दोघींच्या वर कुणी नव्हतं, आणि आमच्या दोघींत वर कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

क्लबातले पंच म्हणजे सिटी चौकातले एक म्हातारे घड्याळजी. बुद्धिबळाची चावीची घड्याळं तेच दुरुस्त करत, म्हणून पंचगिरीही त्यांच्याच गळ्यात पडलेली. तिचे घोडे बघून ते दर रविवारी तेच म्हणायचे, "क्या बेटी, घोडे रूठ गए क्या तेरे? मुँह फिरा के बैठे?"

"माझ्याकडंच बघू द्या त्यांला चाचा," ती म्हणायची. "परक्याकडं बघितलं की बिथरतेत."

मला तिचा हेवा वाटायचा, हे सांगून टाकते. मी पुस्तकातून शिकलेली, पाठांतरवाली. ती पटाकडं बघत बसायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि मग अशी चाल काढायची की माझा आठवडाभराचा अभ्यास पाण्यात. वेळ मात्र तिला कधी पुरायचा नाही. घड्याळ हाच तिचा वैरी होता. मी त्याच्या भरवशावरच तिला हरवायची, जेव्हा हरवायची तेव्हा.

त्या वर्षी विभागातून राज्याच्या संघात एकच मुलगी जाणार होती. निवडीची शेवटची फेरी आमच्याच क्लबात, आमच्याच दोघींत आली. माझा अर्धा गुण जास्त होता. मला बरोबरी पुरत होती, तिला जिंकणं भाग होतं. त्या सकाळी मी तिला आणायला बस स्टँडवर गेले. नेहमी जायची तशीच. रस्त्यानं चालता चालता ती म्हणाली, "दादा म्हनले, संघात नाव आलं तर शीक, खेळ, काय करायचं ते कर. नाय आलं तर येत्या उन्हाळ्यात बार उडवून टाकायचा." दादा म्हणजे तिचे वडील. बार म्हणजे तिच्या लग्नाचा.

"मग जिंक की," मी म्हटलं.

"जिंकणारच हाय. तुला काय वाटलं, मैत्रीण म्हनून सोडंन व्हय?"

आम्ही हसलो. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तिचं काय पणाला लागलं होतं हे मला ठाऊक नव्हतं अशी सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मला ठाऊक होतं. डाव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी तिनं तिच्या तोंडानं सांगितलं होतं.

डाव तिनं चांगला खेळला. तिसाव्या चालीपर्यंत तिच्याकडं एक प्यादं जास्त होतं, एक हत्ती आणि एक घोडा. माझ्याकडं हत्ती, उंट आणि पडेल चेहरा. पण तिचं घड्याळ! चाळीस चाली पुऱ्या केल्या की पुढं आणखी वेळ मिळायचा, आणि तेहतिसाव्या चालीला तिच्याकडं पाच मिनिटंही उरली नव्हती. एवढा कमी वेळ राहिला की खेळाडूला चाली लिहायची सक्ती नसते. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मी लिहीत राहिले.

मग मी हत्तीनं शह द्यायला लागले. तिचा राजा एक घर सरकायचा, मी दुसरीकडून शह द्यायची, तो परत यायचा. तिला ते चालणारच होतं. वेळ कमी असला की सगळे जाणते खेळाडू हेच करतात: त्याच त्या चाली करून चाळीसचा आकडा गाठायचा, आणि वेळ मिळाला की निवांत बसून जिंकायचं. फक्त मोजायचं असतं. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ द्यायची नाही, कारण तिसऱ्यांदा आली तर समोरच्याला बरोबरीचा दावा करता येतो. ती ओठ हलवत मोजत होती, मला दिसत होतं.

अडतिसावी चाल मी पटावर केली नाही. नियमाप्रमाणे आधी कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि चाचांना हाक मारली. "ही चाल केली की तीच स्थिती तिसऱ्यांदा येते," मी म्हटलं. "बरोबरी."

त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. हे माझ्या बाजूनं एवढंच आहे, आणि ते मी खूप वर्षं घट्ट धरून ठेवलं.

चाचा चष्मा पुसत आले. मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि पेन्सिलीनं दाखवलं: तेहतिसावी, छत्तिसावी, आणि ही अडतिसावी. दाखवता दाखवता मला माझाच अंगठा दिसला. तो चौतिसाव्या चालीवर होता. चौतिसाव्या चालीला मी काठाचं प्यादं एक घर पुढं ढकललं होतं. म्हणजे पहिल्या वेळचा पट आणि नंतरचा पट एक नव्हता. ते एक प्यादं एक घर वेगळं होतं. पहिली वेळ धरायचीच नव्हती. ही तिसरी वेळ नव्हती, दुसरी होती.

अंगठा मी मुद्दाम ठेवला नव्हता. पण उचललाही नाही.

चाचांनी तिच्याकडं बघितलं. "कबूल है बेटी?"

ती म्हणाली, "मी तर दोनदाच मोजलं व्हतं." मग तिनं पटाकडं बघितलं, वेळ संपत आल्याचं लाल निशाण उचललेल्या आपल्या घड्याळाकडं बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं. "पन तू लिहिलंयस, म्हंजी आसंल."

चाचांनी खरं तर पहिल्यापासून डाव मांडून बघायला पाहिजे होता. पण त्यांचे गुडघे दुखत होते आणि आम्ही त्यांच्या लाडक्या मुली होतो. "दोनों को कबूल, तो मैं कौन होता?" म्हणाले आणि सही केली. बरोबरी झाली की दोन्ही राजे पटाच्या मधोमध आणून ठेवायची पद्धत आहे. तिनं आपला ठेवला. माझा हात हलेना, म्हणून माझाही तिनंच ठेवला.

मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले नाही. घरी पाहुणे यायचेत, असं काहीतरी सांगितलं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उन्हाळ्यात कन्नडला तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती, पण मी संघाच्या शिबिरात होते. राज्याकडून खेळले आणि शेवटून दुसरी आले. तरी तेवढ्यावर खेळाडूंच्या कोट्यातून मला नोकरी लागली. वडील पेढे घेऊन अख्ख्या गुलमंडीत फिरले. चाचांच्या दुकानातही गेले. चाचा म्हणाले म्हणे, दुसरी बेटी कहाँ है?

मग लागोपाठ दहा-अकरा वर्षं काहीच नाही. कचेरीच्या कामानं एकदा कन्नडला जावं लागलं, नेमका बाजाराचा दिवस होता, आणि मिरच्यांच्या ढिगापाशी मागून आवाज आला, "कशी हाईस गं, गुलमंडी?"

ती जाड झाली होती. डोक्यावर पदर, हातात दोन पिशव्या, उन्हानं रापलेली. हसली तेव्हा मात्र तशीच. मी तोंडाला येईल ते विचारत सुटले. मुलं किती, ऊस कसा आहे, कारखान्याचं काय चाललंय, सासूबाई कशा आहेत. ती सगळ्याची उत्तरं देत होती आणि माझ्याकडं बघत होती, पटाकडं बघायची तशी.

"खेळतीस का आजून?" तिनं विचारलं.

"पंच म्हणून जाते. परीक्षा दिली मी पंचाची."

"पंच? तू?" ती मोठ्यानं हसली. आजूबाजूच्या बायांनी वळून बघितलं. मग हसणं थांबलं. "आन् मोजतीस का नीट?"

तिला कळलं होतं. कधी, कसं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण कळलं होतं. आणि तिनं मला दार उघडून दिलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की ती तिसरी वेळ नव्हती, मला माहीत होतं. सहा-सात शब्द. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जीप निघायची गं माझी, जाते." आणि गेले. जीप भरायला पुढं तासभर लागला. मी तासभर जीपमध्ये तोंड लपवून बसले.

त्यानंतर ती भेटली नाही. मूत्रपिंडाचा आजार होता. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. महिन्याभरानं तिची मुलगी माझ्या दारात आली. इथंच कॉलेजला शिकते. पाणीसुद्धा न घेता तिनं पिशवीतून एक जुनी वही काढली. "आईनं सांगितलं व्हतं, ही तुमाला द्यायची मावशी."

वहीत तिचे सगळे डाव होते, तिच्या गिचमिड अक्षरात. शेवटचा डाव आमचा. तिच्या कागदावर तेहतिसाव्या चालीनंतर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण वहीत सगळं होतं. पुढच्या चाली तिनं आठवून आठवून लिहिल्या होत्या. अक्षर वेडंवाकडं, ओळी वर-खाली झालेल्या. तिनं ते एसटीत लिहिलं होतं. म्हणजे करमाड यायच्या आत तिला कळलं होतं! चौतिसाव्या चालीला पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ. आणि खाली, निकालाच्या जागी, जिथं दोघींचा अर्धा-अर्धा गुण लिहायचा असतो, तिथं काहीच नाही. प्रत्येक डावाखाली निकाल होता. याच्याखाली नव्हता.

ती वही तीन वर्षं माझ्या कपाटात आहे. कपाट उघडताना मी त्या खणाकडं बघत नाही. घरात पट मांडला की काळे असोत की पांढरे, घोडे मी डोळे मिटल्यासारखी पटकन ठेवते. तरी कधी कधी उठून पाणी प्यायला जाऊन आले की एखाद्या घोड्याचं तोंड फिरलेलं दिसतं. माझाच धक्का लागत असणार. मी स्वतःशीच म्हणते, करमाडवाली, पुरे आता.

तर त्या कार्यालयात, पहिल्या टेबलावर, सव्वीस चाली झाल्या आणि तिशीतलीनं शांतपणे घड्याळ थांबवून मला बोलावलं. त्या स्पर्धेत तीस चालींच्या आत आपापसांत ठरवून बरोबरी करायला बंदी होती. अशा वेळी खेळाडू त्याच चाली पुन्हा करून बरोबरी काढतात. तिनंही पुढची चाल कागदावर लिहिली होती. "मॅम, ही केली की तिसऱ्यांदा तीच पोझिशन. ड्रॉ क्लेम करतेय."

मी धाकटीला विचारलं, "तू मोजलंस?"

"त्यांनी मोजलंय ना, मॅम," ती म्हणाली. "त्या म्हणतायत म्हणजे असेल."

आयोजक कानाशी येऊन कुजबुजले, "मॅडम, उरकून घ्या, पाहुणे येऊन बसलेत. दोघींना मान्य आहे, मग प्रश्नच काय?" प्रश्न काहीच नव्हता. हार आणले होते, माईक लावला होता. आणि घरी पाणी यायचा दिवस होता, आठ दिवसांतून एकदा येतं, मलाही निघायची घाई होती. सही केली असती तर जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. चाचांनी तेव्हा जेवढा विचार केला, तेवढाच मी केला असता.

मी दोघींचे कागद घेतले, बाजूच्या टेबलावर पट मांडला आणि पहिल्या चालीपासून डाव खेळत गेले. सगळं कार्यालय माझ्याकडं बघत होतं. प्रत्येक कागद धरताना मी अंगठा बाहेर ठेवत होते.

दावा चुकीचा होता. पट तिन्ही वेळा सारखा दिसत होता खरा, पण पहिल्या वेळी चाल करायची पाळी मोठीची होती, नंतरच्या दोन्ही वेळी धाकटीची. सोंगट्या त्याच, जागा त्याच, पण पाळी वेगळी असली की स्थिती वेगळी धरतात. चांगले चांगले खेळाडू इथं फसतात. मी तीनदा तपासलं.

"दावा अमान्य," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. नियम असा आहे: दावा चुकला तर लिहिलेली चाल पटावर करावी लागते, समोरच्या खेळाडूला दोन मिनिटं जास्त मिळतात, आणि डाव पुढं चालू.

मोठीनं कपाळावर आठ्या घातल्या, पण लगेच चाल केली. तिला काळजी नव्हती. धाकटीनं तीच जुनी चाल पुन्हा केली की थोड्याच वेळात खरा दावा करता येणार होता. मलाही वाटलं, झालं, पाच मिनिटांचाच प्रश्न. मी धाकटीच्या घड्याळात दोन मिनिटं घातली.

धाकटीनं चाल केली नाही. ती पटाकडं बघत बसली. नखं कुरतडायची थांबली. ती दोन मिनिटं संपली, आणखी दहा गेली. मग तिनं घोडा उचलला आणि भलत्याच घरात नेऊन ठेवला.

पुढं तीन तास डाव चालला. पाहुणे भाषण न करताच गेले. आयोजक माझ्याशी बोलेनासे झाले. धाकटी एकदा जिंकत आली होती, मग मोठीनं सावरलं, मग मोठी जिंकत आली, मग तीही चुकली. संध्याकाळी पटावर दोन राजे उरले आणि बाकी काही नाही. बरोबरी. राजे मधोमध आणून ठेवायचीही गरज पडली नाही, ते तिथंच होते. दोघींनी हात मिळवले. धाकटीचे डोळे लाल झाले होते, पण तिला हसू येत होतं.

सही घेताना ती मला म्हणाली, "बरं झालं मॅम, तुम्ही मोजलं. नाहीतर मी दिलाच होता सोडून."

रिक्षात बसल्यावर मला आधी हलकं वाटलं. खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि त्या आनंदात थोडी लबाडी होती. मी मनातल्या मनात करमाडवालीला म्हणत होते, बघ, खेळूनसुद्धा शेवटी बरोबरीच झाली ना? आपलाही तसाच सुटला असता. हत्तीचे शह मी देतच राहिले असते, तुझा राजा पळतच राहिला असता. मी तुझं काय घेतलं मग? जे होणार होतं तेच जरा लवकर केलं. सेव्हन हिल्सच्या पुलापर्यंत मी हे स्वतःला पटवत आणलं होतं.

घरी नळ येऊन गेला होता. शेजारणीनं दोन हंडे भरून ठेवले होते, देव तिचं भलं करो. मी चहासुद्धा न करता करमाडवालीच्या मुलीला फोन लावला. वही देऊन गेल्यावर पहिल्यांदाच. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"तुझ्या आईचा आणि माझा शेवटचा डाव," मी म्हटलं. "त्याचा निकाल खोटा होता. चूक माझी होती आणि मला तेव्हाच कळली होती. मी बोलले नाही."

ती म्हणाली, "म्हाईतंय मावशी. आईनं सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"ती म्हनायची, गुलमंडीवाली एक दिवस इचारायला येईल. मला पुढली चाल घावलीय म्हनायची. इचारलं की दाखवते म्हनायची."

"कुठली चाल?"

"मला काय कळतंय मावशी त्यातलं. शेवटच्या दिवसांत एकदा पट मांडून दाखवलं व्हतं तिनं. घोडा उचलला व्हता. येवढंच ध्यानात हाय."

फोन ठेवला आणि मी कपाट उघडलं. वही काढली, पट मांडला, तिच्या अक्षरावरून एकेक चाल करत सदतिसाव्यापर्यंत आले. घोडा तिच्या बाजूला होता, मी त्याचं तोंड तिच्या खुर्चीकडं वळवलं. मग मी कागदावर लिहिलेली आणि पटावर कधीच न केलेली ती अडतिसावी चाल केली. हत्ती नेऊन ठेवला. शह.

आणि मला दिसलं. राजा हलवायचाच नाही. घोडा मधे घालायचा. शह तुटतो, आणि माझ्या हत्तीला परत जायला घर राहत नाही. हत्ती गेला की डाव गेला. पंचवीस वर्षं मी तो पट मनात मांडत होते आणि दर वेळी तिचा राजाच हलवत होते. ती चाल माझ्या डोक्यात कधी आलीच नाही, कारण ती तिची होती. वेळ मिळाला असता तर तिनं ती काढली असती. ती जिंकली असती. संघात ती गेली असती. पुलापर्यंत आणलेलं माझं सगळं समाधान तिथंच संपलं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

मग तोंड धुतलं. वहीत चौतिसाव्या चालीच्या वर्तुळासमोर लिहिलं, दावा अमान्य, आणि खाली पंच म्हणून सही केली. निकालाची जागा मात्र तशीच ठेवली. डाव संपलेला नाही, तिथं लिहायचा मला अधिकार नाही.

चाचांच्या दुकानातलं चावीचं एक घड्याळ माझ्याकडं आहे. चावी दिली, तिच्या बाजूचा काटा दोन मिनिटं मागं घेतला आणि तिचं घड्याळ सुरू केलं. मी समोर बसून राहिले. घोड्याला हात लावला नाही. चाल तिची आहे.